सणासुदीचे दिवस आणि आपले दात

(द्वितीय वर्ष, कला)

मराठी माणूस दातांवरून बोलायला लागला म्हणजे थांबत नाही. रागावला की तो दातओठ खातो, घाबरला की त्याची दातखीळ बसते, शरण गेला की दाती तृण धरतो, आणि दुसऱ्याची जिरवायची झाली की त्याचे दात त्याच्याच घशात घालतो. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण तर शाळेत न गेलेल्या माणसालाही पाठ असते. मात्र या सगळ्या भाषावैभवात खराखुरा दात कोठेच नाही. तो दुखेपर्यंत त्याच्याकडे कोणी पाहत नाही. आणि दुखायला लागतो तो बहुधा सणाच्या दिवशी, जेव्हा दवाखान्याच्या दाराला कुलूप असते आणि घरात पाहुणे असतात.

असे का होते? सणाच्या दिवशी दात किडत नाही. तो महिनोन् महिने, कधी वर्षभर आतून पोखरला गेलेला असतो. दिवाळीत अनारशाचा किंवा पाकातल्या चिरोट्याचा गोडवा त्या उघड्या पडलेल्या भागात शिरतो आणि कळ मस्तकात जाते. म्हणजे सण फक्त वर्दी देतो. पण म्हणून सण निर्दोष आहे असेही नाही, आणि त्याचा दोष नेमका कोणता एवढेच या लेखात सांगायचे आहे. आपण समजतो तो दोष त्याचा नाही.

आपल्या सातारा-सांगली भागात सणासुदीचे दिवस म्हणजे दिवाळीचे चार दिवस नव्हेत. गणपतीच्या मोदकांपासून सुरुवात होते. नवरात्र, दसरा, दिवाळी, तुळशीचे लग्न असे करीत आपण संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत येतो. मध्येच कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो, गुऱ्हाळे पेटतात, आणि पोरासोरांच्या हातात उसाची कांडी येते ती उन्हाळा लागेपर्यंत सुटत नाही. साताऱ्याहून कोणी आले तर कंदी पेढ्यांचा पुडा आणते, तासगावकडचे पाहुणे बेदाणे आणतात, आणि घरोघर चहा होतो तो साखरेचा. गोडाचा हंगाम असा जवळजवळ सहा महिने चालतो. गोड पिकवणाऱ्या मुलखाने गोड खाऊ नये असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर आमच्या घरात मला जेवायला मिळणार नाही.

आता दात किडतो म्हणजे काय होते ते पाहू. ‘कीड’ या शब्दाने आपला पुष्कळ घोटाळा केला आहे. दाताच्या आत खरोखरच किडा असतो अशी समजूत आपल्याकडेच नव्हे, जगभर होती. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्यांची धुरी तोंडात घ्यायची आणि मग पाण्यात पडलेले ‘किडे’ दाखवायचे, असा उपचार करणारे लोक बाजाराच्या दिवशी बसत. युरोपात हाच खेळ खुरासानी ओव्याच्या बियांवर चाले. तेथे पाण्यात दिसणारे किडे म्हणजे उष्णतेने फुटलेल्या बियांतून बाहेर आलेले पांढरे अंकुर होत, असे पुढे उलगडले. पियेर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात या किड्याच्या कल्पनेला विरोध केला. खरे कारण समजायला मात्र आणखी दीडशे वर्षे लागली. डब्ल्यू. डी. मिलर या बर्लिनमध्ये काम करणाऱ्या अमेरिकन दंतवैद्याने १८९० साली तोंडातल्या सूक्ष्मजंतूंवर पुस्तक लिहून दाखवून दिले, की किडा नाही, जंतू आहेत. आणि जंतू दात खात नाहीत, ते साखर खातात.

ही गोष्ट नीट ध्यानात घेण्याजोगी आहे. दातांवर सकाळी जिभेला लागतो तो चिकट थर म्हणजे जंतूंची वस्ती. आपण साखर खाल्ली की ती त्यांनाही मिळते. ती पचवून ते आम्ल तयार करतात, आणि त्या आम्लात दाताच्या बाहेरच्या कवचातील, म्हणजे एनॅमलमधील, कॅल्शियम व फॉस्फेट हे क्षार विरघळू लागतात. एनॅमल हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. हाडापेक्षाही कठीण. पण हाड मोडले तर सांधते. एनॅमलला एकदा खड्डा पडला की तो आपोआप भरून येत नाही.

तरीही आपण सगळेच बोळके का झालो नाही? कारण आपली लाळ. लाळ आम्ल धुऊन टाकते, त्याचा जोर कमी करते आणि गेलेले क्षार थोडे थोडे परत दाताला देते. रॉबर्ट स्टीफन या अमेरिकन संशोधकाने १९४० च्या दशकात साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर दातांवरील थराचा सामू मोजला. तो काही मिनिटांतच झपाट्याने खाली येतो आणि पूर्ववत व्हायला साधारण अर्धा ते एक तास लागतो, असे त्याला आढळले. सामू ५.५ च्या आसपास किंवा त्याखाली गेला की दात झिजतो, वर आला की लाळ डागडुजी सुरू करते. दिवसभर ही झीज आणि ही डागडुजी यांची रस्सीखेच चालू असते. दोन खाण्यांच्या मधली वेळ लाळेची. ती वेळ आपण तिला दिली नाही, तर ती बिचारी काय करणार?

म्हणून किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हा प्रश्न मोठा. याचा पुरावा स्वीडनमधून आला, आणि तो ज्या रीतीने आला ते वाचून मन विषण्ण होते. लुंड गावाजवळ व्हिपेहोल्म येथे मतिमंद रुग्णांची संस्था होती. १९४५ पासून पुढे काही वर्षे तेथील रुग्णांवर आहाराचे प्रयोग झाले. काहींना जेवणाबरोबर जास्त साखर दिली, तर काहींना जेवणांच्या मधल्या वेळी चिकट टॉफ्या दिल्या. १९५४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांचे दात फारसे बिघडले नव्हते. मधल्या वेळी चिकट गोळ्या खाणाऱ्यांचे मात्र भराभर किडले होते. ज्यांचे दात गेले त्यांची संमती कोणी घेतली नव्हती, आणि आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही. पुढे स्वीडनमध्ये मुलांना गोड रोज न देता फक्त शनिवारी द्यायचे, अशी रीत पडली.

आता ही फूटपट्टी आपल्या फराळाला लावा. समजा दोन चुलत भाऊ आहेत. थोरला नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान करून बसतो आणि एका बैठकीत तीन लाडू, चार करंज्या आणि चिवड्याचे ताट संपवतो. आजी त्याला अधाशी म्हणते. धाकटा मोठा शहाणा. तो ताटावर नुसते टिपून खातो, पण खिशात मूठभर शंकरपाळ्या घालून फटाके उडवायला जातो, आणि तासातासाने परत येऊन डब्यात हात घालतो. आजीच्या लेखी धाकटा मिताहारी. दाताच्या लेखी थोरल्याने एकदा आम्ल केले आणि नंतर लाळेला चार तास दिले. धाकट्याने दिवसभरात दहा वेळा केले, म्हणजे निदान पाच तास त्याचे दात आम्लात भिजत राहिले. आणि हे फक्त शंकरपाळ्यांचे. ज्या घरी जाईल त्या घरी ‘अर्धा कप तरी’ म्हणून मिळणारा चहा हिशेबात धरलेलाच नाही. नको म्हटले तर यजमानांना वाईट वाटते, हे खरे. पण चार घरी चहा घेऊन पाचव्या घरी पाणी मागितले तर कोणी रुसलेले मी पाहिलेले नाही.

म्हणजे फराळ कमी करा असा सल्ला देण्याची गरजच नाही. फराळाची वेळ ठरवा, एवढेच. जेवणाबरोबर खा, पोटभर खा, नंतर खळखळून चूळ भरा आणि डब्याचे झाकण लावा. आमच्याकडे गेल्या दिवाळीत मी डबा खालच्या फळीवरून माळ्यावर ठेवला. दोन दिवस धाकट्यांनी मला पाण्यात पाहिले, पण डबा उतरवायला मोठे माणूस लागत असल्याने खाणे आपोआप ताटाच्या वेळेवर आले.

येथे दोन-तीन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला गुळाचा. गूळ सात्त्विक, साखर वाईट, असे आपण मानतो. गुळात थोडे लोहादी क्षार असतात हे बरोबर आहे, पण त्याचा फार मोठा भाग तीच साखर आहे. जंतूंना तो मिश्रीसाखरेइतकाच गोड लागतो, शिवाय तो दाताला चिकटून बसतो. पेढा तोंडात विरघळून लाळेबरोबर जातो. चिक्की किंवा पाकातला तिळाचा लाडू दाढांच्या खाचांत ठाण मांडतो. संक्रांतीच्या कडक तिळगुळाने किडलेल्या दाढेचा टवका उडतो, तो वेगळाच. दुसरा गैरसमज तिखटामिठाचा. चकली-शेव गोड नाहीत म्हणून निरुपद्रवी नव्हेत. पिठाचा लगदा दाढांत बसतो, लाळेने त्यातल्या पिष्टाची साखर होऊ लागते आणि जंतूंचे काम भागते. तिसरा उसाचा. ऊस चावल्याने दात घासले जातात असे आमच्याकडे ठासून सांगतात. चावण्याने लाळ सुटते हे खरे, पण सुटते त्याबरोबर रस म्हणजे साखरेचे पाणीच तोंडभर होते, आणि तासभर कांडे चघळणारा मुलगा तासभर दात त्यात बुडवून बसतो. कारखान्याच्या तळावर ऊसतोड मजुरांची लहान मुले सकाळपासून कांडे चोखत बसलेली मी पाहिली आहेत. त्यांचे आईबाप दिवाळीतही फडात असतात. त्यांना चघळायला दुसरे काय देणार, आणि वेळा पाळायला कोण सांगणार? हा लेख लिहिताना त्या मुलांना द्यायला माझ्याजवळ सल्ला नाही.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला या विषयावर वाचेपर्यंत ठाऊक नव्हती, आणि माझ्या वर्गातल्या कोणालाही नव्हती. दुधाचे दात पडणारच, मग ते किडले तर किडले, असे आपण म्हणतो. पण साधारण सहाव्या वर्षी, मूल पहिलीत जाते त्या सुमारास, दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि आलेली दिसली तरी तीही दुधाचीच समजली जाते. ती मात्र जन्माची असते. तिच्यावर खोल खाचा असतात, मूल नीट घासत नाही, आणि नेमकी तीच आधी किडते. आठ-दहा वर्षांच्या मुलाची किडलेली दाढ ‘पडेल आपोआप’ म्हणून सोडून देण्याआधी घरच्यांनी एकदा मोजून पाहावे.

घासायचे कशाने, यावर आमच्या वसतिगृहात रात्रभर वाद होऊ शकतो. कडुनिंबाची वा बाभळीची काडी वाईट नाही. चावून कुंचला केला तर समोरचे दात स्वच्छ होतात. पण दाढांच्या आतल्या बाजूला ती पोहोचत नाही. राखुंडी, कोळसा, विटेची पूड यांनी दात पांढरे दिसतात, कारण त्यांचे कवच खरवडले जाते. मऊ ब्रश आणि फ्लोराइड असलेली पेस्ट यांचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. फ्लोराइड हे लाळेच्या डागडुजीला हातभार लावते आणि दुरुस्त झालेला भाग आम्लाला जास्त दाद देत नाही. पेस्टच्या खोक्यावर दहा लाख भागांत किमान हजार भाग फ्लोराइड लिहिलेले असावे. पेस्ट महागच हवी असे नाही. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरते, आणि ती गिळू द्यायची नाही. रात्रीचे घासणे सकाळच्यापेक्षा महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ फार कमी सुटते. घासल्यावर फेस थुंकावा, भरपूर पाण्याने चुळा भरून फ्लोराइड धुऊन टाकू नये. आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री घासून झाल्यावर प्रसादाचा पेढा आला, तर तो सकाळी खावा. देव रागावत नाही.

आता ज्या विषयासाठी मी खरे तर लेखणी उचलली, त्याकडे येते. तो म्हणजे मिश्री.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझी आजी, आई, दोन्ही काकू यांपैकी कोणीही आयुष्यात टूथब्रश हातात धरलेला नव्हता. सकाळी उठल्यावर तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून डबीत भरायची आणि बोटाने दातांवर चोळायची, हे त्यांचे दात घासणे. एकदा सकाळी, एकदा दुपारची भांडी झाल्यावर, एकदा रात्री. “मिश्री लावल्याबिगर पोटात गडबडतं बघ, अन् डोकंबी चढतं,” आजी म्हणते. ते अगदी खरे आहे. ती निकोटिनची तलफ आहे. पुरुषाने विडी ओढली तर त्याला व्यसन म्हणतात. बाईने तीच तंबाखू हिरडीवर चोळली तर त्याला दात घासणे म्हणतात, त्यामुळे ना कोणी हटकत ना ती स्वतः सोडायचा विचार करते.

सणाचा आणि मिश्रीचा संबंध येथेच आहे. भाऊबीजेला आत्या, मावश्या माहेरी येतात. दुपारी पुरुष झोपले की माजघरात बायका टेकतात, सुखदुःखाच्या गोष्टी निघतात आणि डबी फिरू लागते. वर्षभर सासरी राबणाऱ्या बाईच्या वाट्याला आलेला तो एवढाच निवांत तास. त्या बैठकीत नव्याने लग्न झालेल्या मुलीची दाढ दुखत असली की कोणीतरी मायेने म्हणते, “चिमूटभर लाव गं, बरं वाटंल.” बरे वाटतेही. तंबाखूच्या तारेत ठणका जाणवेनासा होतो. कीड मात्र आपले काम करीतच राहते. आणि चार दिवसांनी दाढ थांबली तरी मिश्री थांबत नाही. माझ्या पाहण्यातल्या निदान तीन जणींना ही सवय दातदुखीवरचे औषध म्हणूनच लागली.

तंबाखू तोंडात ठेवल्याने तोंडाचा कर्करोग होतो, याबद्दल आता शंका उरलेली नाही. महाराष्ट्रातच १,०१,७६१ खेडूत स्त्रीपुरुषांची तोंडे तपासून केलेली पाहणी डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली प्रसिद्ध केली होती. म्हणजे आपल्या लोकांची तोंडे तपासून झाल्याला अर्धशतक उलटले. मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांच्या पाहणीत, त्यांच्यापैकी मिश्रीसारखी तंबाखू वापरणाऱ्यांची बाळे सरासरी सुमारे १०० ग्रॅम कमी वजनाची जन्मली, असे २००४ साली दिसून आले. केंद्र सरकारने १९९२ साली टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यास बंदी केली. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. पण जी तंबाखू घरच्या तव्यावर भाजली जाते तिला कोणता कायदा अडवणार? तव्याजवळ आम्हीच उभ्या आहोत.

‘सोड’ म्हणून कोणी सोडत नाही, हेही मी अनुभवले आहे. आजीने मला सरळ सांगितले, “तू शिकलीस म्हून मला शिकवू नगं.” तिचे बरोबर आहे. साठ वर्षांची सोबत पेस्टच्या नळीने भरून निघत नाही. आईशी मात्र मी तडजोड केली. दुपारची मिश्री आधी बंद, मग रात्रीची, आणि रात्री त्याऐवजी ब्रश. सकाळची अजून चालू आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, किंवा तोंड पूर्वीसारखे न उघडणे, यांपैकी काहीही दिसले तर दुखत नसले तरी दाखवायचे, हे दोघींकडून कबूल करून घेतले आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बॅटरी घेऊन दोघींची तोंडे पाहते. आजी याला ‘तपासनी’ म्हणते आणि गुरासारखा जबडा उघडून दाखवते.

सणात दाढ उठलीच तर काय करावे, तेही सांगते. कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्यात. लवंगेच्या तेलात बोळा भिजवून तो फक्त किडलेल्या खाचेत ठेवावा. हिरडीला लागला तर भाजते. दुखण्याची गोळी गिळावी, दाढेत दाबून ठेवू नये. ॲस्पिरिनने गालाचे आतले कातडे जळते. गालावर सूज, ताप, तोंड न उघडणे किंवा गिळताना त्रास, यांपैकी काही असेल तर भाऊबीज होऊ दे म्हणून थांबू नये. हा पू पसरल्याचा प्रकार असू शकतो आणि तो जिवावर बेततो. जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग असतो. कराडला आणि सांगलीला दंतवैद्यकीय महाविद्यालये आहेत, तेथे शिकणारे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात आणि खर्च खाजगी दवाखान्यापेक्षा साधारणपणे कमी येतो. वेळ मात्र काढावा लागतो.

हा वेळच आमच्यासारख्या घरांत मिळत नाही. दाढ काढणे एका खेपेत होते, वाचवायला तीन-चार खेपा लागतात. दर खेपेला एसटीचे भाडे आणि एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून आमच्या बायकांच्या दाढा काढल्याच जातात आणि पन्नाशीत त्या चकली दुधात भिजवून खातात. माझ्या आईच्या खालच्या दोन दाढा अशाच गेल्या. तिसरी या दिवाळीत उठली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तिने डबीकडे हात नेला, मग माझ्याकडे पाहिले आणि लवंग मागितली. सुट्टी संपण्याआधी मी तिला घेऊन कराडला गेले. फोटो काढून पाहिल्यावर मूळ शाबूत आहे, दाढ ठेवता येईल असे सांगण्यात आले. चार खेपा. पहिली झाली आहे. दुसरी येत्या सोमवारी आहे, आणि त्या दिवशी ऊस भरायला तिच्याऐवजी धाकटी काकू जाणार आहे.